काठावरचा आमदार: सत्तेमुळे धोरण बदलतं का, हे तपासायचं कसं?

'राजकीय सत्तेचा सार्वजनिक धोरणावर होणारा परिणाम: एक चिकित्सक अभ्यास.' अशा शीर्षकाचा सिनॉप्सिस कुणी वाचायला पाठवला की मी आधी गृहीतकांचं पान उघडते. तिथं बहुतेक वेळा पहिलंच वाक्य असतं, 'राजकीय सत्तेचा सार्वजनिक धोरणावर परिणाम होतो.' मग पेटनंतरच्या मुलाखतीत समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, "होतो हे आम्हालाही माहीत आहे. होत नसता, तर ते तुम्हाला कशावरून कळलं असतं?" आणि गाडी तिथंच अडते.

विषय वाईट नसतो. उलट चांगलाच असतो. पण गृहीतक असं हवं की ते खोटं ठरण्याची शक्यता असली पाहिजे. 'परिणाम होतो' हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, कारण कुठला परिणाम, कुणावर आणि कशाच्या तुलनेत, यातलं काहीच त्यात नाही.

गंमत म्हणजे गावात हाच विषय जास्त नेमका मांडला जातो. "आमदार सत्तेतला पाहिजे, नाहीतर तालुक्याला निधी येत नाही." हे वाक्य तुम्ही प्रचारसभेत ऐकलं असेल, पारावर ऐकलं असेल, घरातसुद्धा ऐकलं असेल. संशोधनाच्या दृष्टीने हे सोन्यासारखं वाक्य आहे. यात दोन गट आहेत, सत्ताधारी आमदार असलेले मतदारसंघ आणि विरोधी आमदार असलेले. परिणाम कशात मोजायचा तेही सांगितलंय. आणि ते खोटंही ठरू शकतं. शिवाय लोक त्यावर विश्वास ठेवून मत देतात, म्हणजे ते खरं आहे की नाही याला किंमत आहे. आजच्या पोस्टमध्ये हे एकच वाक्य घेऊन ते तपासायचं कसं, ते बघू. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्रात करून मग धोरणाच्या अभ्यासाकडे वळले, त्यामुळे 'प्रयोगशाळा नाही, तर मग तपासणार कसं?' हा प्रश्न मला इतरांपेक्षा जरा जास्तच छळतो.

सरळ तुलना का चालत नाही

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो असा. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत. सत्ताधारी आमदारांचे एका बाजूला, विरोधकांचे दुसऱ्या बाजूला. रस्ते, पाणी, कारखाने मोजा, सरासरी काढा, टी-टेस्ट लावा. एसपीएसएस दोन मिनिटांत उत्तर देतं.

उत्तर येतं, पण ते कशाचं उत्तर आहे हे सांगता येत नाही. बारामतीचं उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यांच्या तोंडी असतं. शरद पवार तिथून पहिल्यांदा आमदार झाले १९६७ साली. पण नीरा डाव्या कालव्याचं पाणी त्या भागात आलं ते १८८० च्या दशकात, इंग्रजांच्या काळात. पाणी आलं म्हणून ऊस आला, उसामुळे सहकारी कारखाने उभे राहिले, कारखान्यांमुळे पत, संस्था, कार्यकर्ते आणि नेतृत्व उभं राहिलं. मग सत्तेमुळे समृद्धी आली, की आधीच्या समृद्धीतून सत्ता आली? नेत्यांनी काही केलं नाही असं मी म्हणत नाहीये. त्यांच्या कामाचा वाटा किती आणि कालव्याचा किती, हे नुसत्या सरासऱ्यांच्या तुलनेतून वेगळं काढता येत नाही, एवढंच म्हणतेय.

दुसरा घोळ याहून सूक्ष्म आहे. काही मतदारसंघ 'हवा' ओळखण्यात पटाईत असतात. ज्या पक्षाचं सरकार येणार असं वाटतं त्याच्या बाजूला ते जातात. असे मतदारसंघ शहरालगतचे, वाढत्या लोकसंख्येचे असतील, तर तिथं विकास होतोच आहे. आमदार कुठल्याही पक्षाचा असता तरी झाला असता. आपण मात्र त्याचं श्रेय सत्तेला देऊन मोकळे होतो.

थोडक्यात, आपल्याला हवे आहेत असे दोन मतदारसंघ जे बाकी सगळ्या बाबतीत सारखे आहेत, फक्त एकात सत्तेतला आमदार आहे आणि दुसऱ्यात नाही. असे जुळे मतदारसंघ आणायचे कुठून?

जेआरएफचा कटऑफ आठवा

नेट दिलेल्यांना हे लगेच कळेल. समजा, तुमच्या विषयात जेआरएफचा कटऑफ २०० गुण लागला. २०० वाल्याला फेलोशिप मिळाली, १९८ वाल्याला नाही. या दोघांच्या हुशारीत काही फरक आहे का? एखादा प्रश्न अंदाजाने बरोबर आला असेल किंवा चुकला असेल, इतकाच. २६० वाला आणि १४० वाला यांची तुलना करू नका, ते मुळातच वेगळे आहेत. पण कटऑफच्या अगदी लगत, खाली आणि वर, जे विद्यार्थी आहेत ते जवळपास सारखेच असतात. म्हणून पाच वर्षांनी त्यांच्यात जो फरक दिसेल, तो फेलोशिपमुळे आला असं म्हणायला जागा आहे.

या पद्धतीला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. थिसलथवेट आणि कॅम्पबेल या दोघांनी १९६० साली ती पहिल्यांदा वापरली, आणि तीही अशाच प्रश्नासाठी. गुणवत्ता प्रमाणपत्र मिळण्याचा विद्यार्थ्यांच्या पुढच्या वाटचालीवर काय परिणाम होतो, हे त्यांना बघायचं होतं. नंतर ती बराच काळ अडगळीत पडली होती आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत अर्थशास्त्रात आणि राज्यशास्त्रात धुमधडाक्यात परत आली.

निवडणुकीतही कटऑफ असतो. तो म्हणजे शून्य मतांची आघाडी. शून्याच्या वर असाल तर आमदार, खाली असाल तर घरी. चाळीस हजारांनी जिंकलेला मतदारसंघ आणि चाळीस हजारांनी हरलेला मतदारसंघ यांची तुलना नको. पण दोन-चारशे मतांनी इकडे-तिकडे झालेले मतदारसंघ? तिथं पाऊस, एखाद्या बूथवरची गर्दी, नावसाधर्म्याचा एखादा अपक्ष, अशा कुठल्याही गोष्टीने निकाल फिरू शकला असता.

राजस्थानातलं नाथद्वारा हे यातलं माझं आवडतं उदाहरण. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी तिथं एका मताने हरले. एका मताने! भाजपचे कल्याणसिंह चौहान जिंकले. त्याच निवडणुकीनंतर राज्यात सरकार आलं काँग्रेसचं. म्हणजे एक मत वेगळं पडलं असतं, तर नाथद्वारा विरोधी मतदारसंघ झालाच नसता. यापेक्षा चांगली नाणेफेक कुठे मिळणार?

पण थांबा. हे उदाहरण आवडण्याचं दुसरंही कारण आहे. हरलेले जोशी २००९ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले. आता नाथद्वाऱ्यात पुढच्या काळात रस्ते झाले असतील किंवा नसतील, त्यातलं किती विरोधी आमदारामुळे आणि किती केंद्रात बसलेल्या त्याच भागातल्या मंत्र्यामुळे? एकाच मतदारसंघात असले अपघात निकाल पार बिघडवतात. म्हणून ही पद्धत एका काठावरच्या लढतीवर चालत नाही. शेकडो लढती लागतात. इतक्या लढती घेतल्या की असले अपघात दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात. सिनॉप्सिसमध्ये 'अमुक तालुक्याचा विशेष अभ्यास' असं लिहून ही पद्धत लावू नका. केस स्टडी वाईट नसते, पण तिचं काम वेगळं असतं.

आपल्याकडचे ताजे आकडे बघा. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये ४८ मतांचा फरक होता. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये १६२ आणि साकोलीत २०८. दोन्ही विधानसभेच्या लढती 'काठावरच्या', मग दोन्ही अभ्यासात घ्यायच्या? नाही. साकोलीत नाना पटोले म्हणजे काँग्रेस जिंकली आणि भाजप हरली. म्हणजे दोनशे मतांवर हा मतदारसंघ सत्ताधारी ठरणार की विरोधी, हे ठरलं. मालेगाव मध्यमध्ये मात्र पहिल्या दोन्ही क्रमांकांवरचे उमेदवार सत्ताधारी महायुतीबाहेरचे होते. कुणीही जिंकलं असतं तरी मतदारसंघ सत्तेबाहेरच राहिला असता. लढत रंगतदार, पण आपल्या प्रश्नाला निरुपयोगी. डेटा साफ करताना असल्या लढती गाळाव्या लागतात. ही गाळणी नीट केली नाही, तर पुढचं सगळं सांख्यिकी व्यर्थ.

मग उत्तर काय निघालं?

भारतात हा प्रश्न याच पद्धतीने सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाड यांनी तपासला. त्यांचा पेपर २०१७ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल: अप्लाइड इकॉनॉमिक्स'मध्ये आला. त्यांनी देशभरातल्या विधानसभांच्या काठावरच्या लढती घेतल्या आणि सत्ताधारी पक्षाचा आमदार थोडक्यात जिंकलेल्या मतदारसंघांची तुलना थोडक्यात हरलेल्यांशी केली. मोजलं काय, तर खाजगी क्षेत्रातला रोजगार, त्या भागातल्या कंपन्यांच्या शेअरचा भाव, आणि उपग्रहातून रात्री दिसणारा प्रकाश.

तिन्हींचं उत्तर एकच निघालं. सत्ताधारी आमदार असलेले मतदारसंघ पुढे गेले. म्हणजे पारावरचं वाक्य निदान अर्धं खरं आहे.

अर्धंच म्हणते, कारण वाक्यात 'निधी' हा शब्द आहे. ॲशर आणि नोवोसाड यांना जो पुरावा सापडला तो प्रामुख्याने निधीकडे बोट दाखवत नाही. तो दाखवतो परवानग्यांकडे. उद्योगाला लागणारे दाखले, मंजुऱ्या, तपासण्या, नियमांची अंमलबजावणी सैल की घट्ट. हे सगळं कागदोपत्री प्रशासनाच्या हातात असतं, पण फाईल किती वेगाने सरकणार, हे आमदाराच्या शब्दाला मंत्रालयात किती वजन आहे यावर ठरतं. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. आपण सत्ता म्हटलं की भूमिपूजनाचा नारळ आणि कोनशिला बघतो. सत्ता प्रत्यक्षात बरंचसं काम कोनशिला नसलेल्या ठिकाणी करते.

याच धाग्यावर लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांचा अभ्यासही वाचा. त्यांनी भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा इतिहास तपासला. मुख्यमंत्री बदलला की बदल्या वाढतात, असं त्यांना दिसलं. राजकारणी अधिकाऱ्याला सहजासहजी काढू शकत नाही, पण हलवू शकतो. नियम न बदलता धोरण बदलायचं, तर नियम राबवणारा माणूस बदलणं हा जुना मार्ग.

एक प्रात्यक्षिक सूचना. परिणाम मोजण्यासाठी 'आमदार स्थानिक विकास निधी' घेऊ नका. मी हे तीन सिनॉप्सिसमध्ये पाहिलंय. तो सर्व आमदारांना सारखाच मिळतो, मग सत्ताधारी असो वा विरोधी. ज्या चलात चलन-वलनच नाही, त्यातून काय निघणार? फरक असतो तो मंत्र्यांच्या मर्जीने वाटल्या जाणाऱ्या कामांत. ग्रामविकास खात्याच्या '२५१५'च्या कामांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. शोधायचं तर तिथं शोधा. आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कितीतरी कामांना स्थगिती मिळाली, ते शासन निर्णयसुद्धा डेटाच आहेत.

रात्रीच्या प्रकाशाबद्दलही दोन शब्द, कारण भौतिकशास्त्राची सवय सुटत नाही. जुन्या उपग्रहांच्या चित्रांत प्रत्येक ठिपक्याला ० ते ६३ एवढाच आकडा असतो. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी तो ६३ ला जाऊन अडकतो, मग तिथं प्रकाश दुप्पट झाला तरी आकडा हलत नाही. २०१२ पासूनचा नवा डेटा यापेक्षा बराच चांगला आहे, पण जुना आणि नवा जसाच्या तसा जोडता येत नाही. 'उपग्रहाचा डेटा आहे म्हणजे अचूकच' अशी एक श्रद्धा मानव्यविद्येच्या विभागांत दिसते. उपकरण म्हटलं की त्याची मर्यादा आलीच.

सत्ता वेगळी, पक्ष वेगळा, माणूस वेगळा

इथे एक फरक करायला हवा, तो बहुतेक सिनॉप्सिसमध्ये होत नाही. वरचा अभ्यास 'सत्तेत असणं' मोजतो. सत्तेत कुठला पक्ष आहे याच्याशी त्याला घेणं नाही. पक्षाच्या विचारसरणीने धोरण बदलतं का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. अँथनी डाउन्सने १९५७ साली मांडलेल्या सिद्धांताचा एक अर्थ असा निघतो की मतांसाठी दोन्ही पक्ष मधल्या मतदाराकडे सरकतात, म्हणजे कुणीही निवडून आलं तरी धोरण साधारण सारखंच. डेव्हिड ली, एन्रिको मोरेटी आणि मॅथ्यू बटलर यांनी २००४ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या काठावरच्या निवडणुका घेऊन हे तपासलं आणि उलट आढळलं. निवडून आलेला माणूस मधल्या मतदाराकडे फारसा सरकत नाही, तो स्वतःच्या पक्षाच्या दिशेनेच मतदान करत राहतो. मतदार धोरण घडवत नाही, आयतं धोरण निवडतो.

आणि तिसरा प्रश्न माणसाचा. इथे आपल्याला नाणेफेक शोधायची गरजही नाही, राज्यघटनेनेच ती दिली आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींतली एक तृतीयांश पदं महिलांसाठी राखीव झाली आणि कुठली गावं राखीव हे ठरलेल्या क्रमाने फिरू लागलं. गाव पुढारलेलं आहे की मागासलेलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायती पाहिल्या. महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी दोन्ही राज्यांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं. रस्त्यांचं मात्र उलटसुलट. बंगालमध्ये बायकांच्या तक्रारींत रस्ते होते, तिथं महिला प्रमुखांनी रस्त्यांवर जास्त खर्च केला. राजस्थानात रस्त्यांची मागणी पुरुषांची होती, तिथं कमी केला. 'महिला सरपंच म्हणजे नवरा कारभारी' असं म्हणून विषय संपवणाऱ्यांना हा पेपर जरूर वाचायला द्या.

चेअरमन, ऊस आणि निवडणुकीचं वर्ष

आता महाराष्ट्रावरचा एक अभ्यास, थोडा सविस्तर. संदीप सुखटणकर यांचा २०१२ चा पेपर सहकारी साखर कारखान्यांवर आहे. प्रश्न उलट्या टोकाचा आहे. सत्ता मिळाल्यावर काय होतं हे नाही, तर सत्ता मिळवायला लागणारा पैसा येतो कुठून?

कारखान्याचा चेअरमन विधानसभेला किंवा लोकसभेला उभा राहणं आपल्याकडे नवीन नाही. कारखाना सभासदांचा, ऊस सभासदांचा, आणि टनाला दर किती द्यायचा याची बरीच मोकळीक संचालक मंडळाला. समजा निवडणुकीसाठी पैसा कारखान्यातून बाहेर गेला, तर तो ताळेबंदात 'निवडणूक खर्च' म्हणून थोडाच दिसणार? पण कुठेतरी दिसायलाच हवा. सुखटणकरांचं म्हणणं, तो दिसेल शेतकऱ्याला मिळालेल्या दरात.

आणि तसंच निघालं. राजकीय नियंत्रणाखालच्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी उसाचा दर कमी दिला गेला.

इथे लगेच हात वर करायचा असतो. त्या वर्षी पाऊस कमी असेल तर? उतारा कमी लागला असेल तर? साखरेचा भाव पडला असेल तर? या शंका योग्यच आहेत, पण रचनेकडे बघा. तुलना दुहेरी आहे. तोच कारखाना निवडणुकीच्या वर्षी आणि इतर वर्षी, शिवाय त्याच वर्षी राजकारणाशी संबंध नसलेले कारखाने. दुष्काळ पडला तर तो शेजारच्या कारखान्यालाही पडतो, साखरेचा भाव तर सगळ्यांना एकच. या गोष्टी दोन्हीकडून वजा होतात. उरतो तो फक्त 'या कारखान्याला, याच वर्षी' असा फरक. या पद्धतीला डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतात, आणि तिची ताकद नेमकी कुठे आहे हे समजायला मला तरी याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मग शेतकरी हे सहन का करतात? चेअरमनला पाडत का नाहीत? पेपरमधला सगळ्यात रंजक भाग हाच आहे. नेता निवडून आला तर पुढे शेतकऱ्यांना भरपाई मिळत असावी, असे संकेत आकड्यांत दिसतात. म्हणजे सभासदाच्या बाजूने पाहिलं तर ही एक प्रकारची गुंतवणूक झाली. आज टनामागे थोडं सोडायचं, उद्या आपला माणूस सत्तेत. आणि सत्तेतला माणूस उपयोगी पडतो हे तर आपण वर पाहिलंच. दोन्ही अभ्यास एकमेकांत असे अडकतात. फक्त एक विसरू नका, नेता हरला तर गेलेले पैसे गेले. आणि ही गुंतवणूक करायची की नाही, हे सभासदाला कुणी विचारलेलं नसतं.

याला जोडून शॉन कोल यांचा २००९ चा अभ्यास वाचा. सरकारी बँकांचं शेती कर्ज निवडणुकीच्या वर्षी ५ ते १० टक्के बिंदूंनी जास्त वाढतं आणि चुरशीच्या जिल्ह्यांत ही वाढ मोठी असते, खाजगी बँकांत असं काही दिसत नाही, आणि त्या जादा कर्जाने शेतीचं उत्पादन मोजता येण्याइतकं वाढलेलंही दिसत नाही.

महाराष्ट्रात 'सत्ताधारी' म्हणजे कोण?

आता तुम्ही उत्साहाने महाराष्ट्राचा डेटा घेऊन बसाल आणि पहिल्याच रकान्यात अडकाल. 'सत्ताधारी: होय = १, नाही = ०.' २०१९ ते २०२४ या विधानसभेसाठी हा रकाना भरून दाखवा.

भाजपचे १०५ आमदार. निकालानंतर सरकारच नाही, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट. २३ नोव्हेंबरच्या सकाळी सत्तेत, २६ ला सत्तेबाहेर. २८ नोव्हेंबर २०१९ पासून विरोधात. ३० जून २०२२ पासून पुन्हा सत्तेत. शिवसेनेचे आमदार आधी एकत्र सत्तेत, नंतर काही सत्तेत आणि काही विरोधात. राष्ट्रवादीचे सत्तेत, मग विरोधात, मग २ जुलै २०२३ पासून काही सत्तेत. एकाच कार्यकाळात एकाच आमदाराचा आकडा ०, १, ०, १ असा फिरतो.

यावर उपाय आहे. वर्ष हे एकक सोडा, महिने किंवा दिवस घ्या. पण त्याहून खोल अडचण अशी की पद्धतीचा पायाच हलतो. काठावरची निवडणूक नाणेफेकीसारखी असते, पण पक्षांतर नाणेफेकीसारखं नसतं. कोण गेलं आणि कोण राहिलं, हे आमदाराने विचार करून ठरवलेलं असतं, आणि कदाचित निधीचाच विचार करून. म्हणजे जो परिणाम आपण मोजतोय तोच कारण होऊन बसतो. म्हणून निवडणुकीच्या दिवशीचा निकाल आणि नंतरची उडी या दोन गोष्टी डेटात वेगवेगळ्या ठेवा. पुढे विश्लेषणात काय करायचं ते नंतर ठरवता येईल, पण रकाना एकच ठेवलात तर परत वेगळं करता येणार नाही.

पद्धतीवरही आक्षेप आहेत, आणि मुलाखतीत ते विचारले जातात. डेव्हिन कॉघी आणि जसजीत सेखों यांनी २०११ मध्ये दाखवलं की अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या काठावरच्या लढतीसुद्धा पूर्ण नाणेफेक नाहीत. थोडक्यात जिंकणारे उमेदवार आधीपासूनच पैशाने आणि अनुभवाने सरस होते. त्यानंतर अँडी एगर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ४०,००० हून जास्त चुरशीच्या लढती तपासल्या, तेव्हा हा दोष इतरत्र तसा आढळला नाही. तुमच्या डेटात तो आहे का, हे तुम्हालाच बघावं लागेल. निवडणुकीच्या आधीची साक्षरता, पाणी, रस्ते कटऑफच्या दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, हे आधी तपासा. तिथंच फरक दिसला तर पुढे जाऊ नका.

आणखी एक मर्यादा, ही मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. सत्ताधारी मतदारसंघ विरोधी मतदारसंघापेक्षा पुढे गेला, एवढंच ही पद्धत सांगते. नवीन काही निर्माण झालं, की एका तालुक्याचं दुसऱ्याकडे गेलं, हे ती सांगू शकत नाही. कारखाना अ तालुक्यात आला कारण तिथं फाईल लवकर सुटली, पण तो ब तालुक्यात येणारच होता असं असेल, तर राज्याच्या हाती शून्य. म्हणून 'सत्ताधाऱ्यालाच मत द्यावं, संशोधनाने सिद्ध झालंय' असं कुणी सांगितलं तर ते संशोधनाचं म्हणणं नाही.

एक विषय, कुणाला हवा असेल तर

सगळीच धोरणं सरकारबरोबर पडत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा काँग्रेसचं सरकार असताना मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला तेव्हा पुलोदचं सरकार होतं. पुढे कितीतरी सरकारं आली-गेली, योजना राहिली. याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे थेट सरपंच. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. प्रत्येक वेळी सरकार बदलल्यावर. प्रयोगशाळेत आम्ही स्विच बंद-चालू करून बघायचो, तसंच हे.

आता यात संधी कुठे आहे बघा. ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्यभर एकाच दिवशी होत नाहीत, ज्यांची मुदत संपली त्यांच्या होतात. जानेवारी २०२१ मध्ये बारा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान झालं, तिथं सरपंच सदस्यांनी निवडले. डिसेंबर २०२२ मध्ये सात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींची निवडणूक झाली, तिथं थेट. कुठल्या गावाला कुठला नियम लागणार, हे गावाने ठरवलं नव्हतं, मुदत संपण्याच्या तारखेने ठरवलं. थेट निवडून आलेला सरपंच पैसे वेगळ्या गोष्टींवर खर्च करतो का? विरोधातलं सदस्य मंडळ असलं की काम अडतं का? पक्षचिन्हावर या निवडणुका होत नाहीत, त्यामुळे 'पक्ष' हा चल इथे वापरता येणार नाही. निकालाच्या दिवशी सगळे पक्ष आपापल्या सरपंचांचा आकडा जाहीर करतात, पण त्या दाव्यांवर प्रबंध उभा राहत नाही. खर्चाचे आकडे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावनिहाय मिळतात, निकाल राज्य निवडणूक आयोगाकडे.

अडचण एक मोठी आहे. २०२० मध्ये मुदत संपलेल्या अनेक ग्रामपंचायतींवर कोविडमुळे आधी प्रशासक बसले, आणि २०२१ चं पहिलं वर्ष दुसऱ्या लाटेत गेलं. म्हणजे दोन गटांत फक्त निवडीची पद्धत वेगळी नाही, काळही वेगळा आहे. यातून वाट काढायची तर २०१७ नंतरच्या थेट निवडीच्या गावांना तिसरा गट म्हणून घेता येईल का, हे आधी तुमच्या जिल्ह्याच्या याद्या काढून बघा. तहसील कार्यालयात जाताना अर्ज लेखी न्या आणि पोच घ्यायला विसरू नका.